एका भिंतीची दोन घरं

१२ फेब्रुवारी

आज नव्या जागी रुजू झालो. हुद्दा बांधकाम खात्याचा, पगार बांधकाम खात्याचा, आणि बसायचं मात्र एका स्वयंसेवी संस्थेच्या लोकांबरोबर. 'समन्वय कक्ष' असं भारदस्त नाव दिलंय. प्रत्यक्षात ते फर्निचरचं बंद पडलेलं दुकान आहे. गेल्या वर्षीच्या वादळात इथे कमरेपर्यंत पाणी होतं, त्याची तपकिरी रेघ चारही भिंतींवर अजून आहे. पाण्याने फुगलेल्या टेबलांपैकी एक सरकारचं, एक संस्थेचं.

मोठे साहेब निरोप देताना म्हणाले, "तंबू उठले, फोटोवाले गेले. आता खरं काम, घरांचं. पैसा आपला, माणसं त्यांची. तुम्ही मध्ये बसा." मध्ये बसा म्हणजे दोन्हीकडचे बुक्के खा. मी मागे एका ठेकेदाराचे पातळ पत्रे परत पाठवले होते, त्याचं हे बक्षीस. दुसरं काय!

संस्थेच्या प्रमुख एक बाई आहेत. पूर्वी शाळेत शिकवायच्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. मी बाई म्हणणार. एक मात्र कळलं नाही. माझ्या टेबलावर माझ्या हुद्द्याची पाटी आधीच रंगवून ठेवलेली होती. ऑर्डर तर परवा निघाली, आणि पाटीवरचा रंग चांगला वाळलेला.

१५ फेब्रुवारी

गाडी आमची आहे, पण चालक नाही. चालक त्यांचा आहे, पण गाडी नाही. चालक मिळावा म्हणून खात्याला पत्र लिहीत बसलो होतो. बाई आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, किल्ली द्या ना." दिली. प्रश्न सुटला. त्याचा मला उगीचच राग आला.

२३ फेब्रुवारी

समुद्राकडच्या गल्लीत पाहणी. शेवटचं घर दोन जावांचं. दोघी विधवा. थोरली सत्तरीची, धाकटी साठी उलटलेली. त्यांच्या नवऱ्यांनी, म्हणजे दोघा भावांनी, घराच्या मधोमध भिंत घालून वाटणी केली होती. वादळात भिंतीसकट सगळं आडवं झालं. आता संस्थेने दिलेल्या एका पत्र्याच्या खोलीत राहतात, मध्ये चादर टांगून.

प्रश्न असा की हे एक कुटुंब धरायचं की दोन? एक चूल तर एक घर, दोन चुली तर दोन घरं. एवढंच पाहून लिहायचं होतं. पाहायची वेळच आली नाही, गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं.

"माझ्या बाजूला पाय टाकायचा नाही, सांगून ठेवते!" धाकटी.

"आली मोठी बाजूवाली! चादर कुणाची आहे?" थोरली.

"मग घेऊन जा तुझी चादर, आणि तोंडावर ओढून झोप!"

मी खाकरलो, तर दोघींनी एकदमच विचारलं, "चहा टाकू?" आणि लगेच एकमेकींकडे खाऊ का गिळू अशा नजरेने पाहिलं.

चुली दोन, चादरीच्या दोन अंगांना. थोरलीची काळीकुट्ट. धाकटी फार टापटिपीची असावी, तिच्या चुलीला काजळीचा ठिपका नाही. 'दोन चुली, दोन कुटुंबे' असा शेरा मारला. परतताना मन खट्टू झालं. एवढं आभाळ कोसळलं तरी माणसं शहाणी होत नाहीत, असं बाईंना म्हणालो. त्या गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. खांदे हलत होते. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

९ मार्च

जावांच्या जागेची मापं घ्यायची राहिली होती, म्हणून न कळवता गेलो. गेलो ते बरं झालं, नाहीतर आज रक्त सांडलं असतं. थोरली स्टुलावर, धाकटी तिच्या पायाशी, आणि थोरलीच्या मुठीत धाकटीचे केस!

मला पाहताच धाकटी किंचाळली, "सोड माझे केस!"

"नाही सोडत. आज उपटूनच काढते!"

मी छत्री टाकून मध्ये पडलो. थोरलीच्या दुसऱ्या हातात कंगवा होता, तो काढून घेतला. डोळ्याला लागला असता तर? धाकटीची वेणी अर्धी घातलेली होती. बिचारीला वेणीसुद्धा पुरी करू दिली नाही.

घरी फोन करून हिला सगळं सांगितलं. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुम्ही पत्र्याची जाडी नुसत्या नजरेने सांगता ना हो," म्हणाली, आणि पुढे बोलताच येईना तिला. बायकोला दुसऱ्याच्या दुःखाचं हसू यावं, हे मला आवडलं नाही.

२० मार्च

संस्थेच्या देणगीदारांना वर्ष संपायच्या आत काम दिसायला हवं. आमच्या खात्याला वर्ष संपायच्या आत काम सुरू करता येत नाही. आज बाईंनी आणि मी या एका मुद्द्यावर दुपारभर वाद घातला. शेवटी दोघांचं एकमत झालं की दोन्ही नियम गाढवांनी केलेत. मग चहा प्यायलो. नोकरीत इतकं मोकळेपणाने मी याआधी कधी बोललो नव्हतो.

११ एप्रिल

आजचं नीट लिहून काढायला हवं. डोकं अजून ठिकाणावर नाही.

सकाळी कक्षात धाकटी धावत आली. पायात चप्पल नाही. "साहेब, अक्काला श्वास लागलाय." गाडी काढली, थोरलीला दवाखान्यात नेलं. पत्र्याच्या खोलीतली ओल आणि धूर छातीत बसला, असं डॉक्टर म्हणाले. नर्सने विचारलं, "यांच्याबरोबर कोण?"

"मी," धाकटी म्हणाली.

"तुम्ही कोण यांच्या?"

धाकटी गोंधळली. मग म्हणाली, "मी तिचीच."

दिवसभर ती थोरलीचा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. मी दारात उभा राहून ते बघत होतो. हळूहळू एकेक गोष्ट उलगडायला लागली. ती न पेटलेली चूल. ती अर्धी वेणी. फोनवरचं हिचं हसणं. बाईंचे खांदे. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि मीच एकटा शहाणा!

धाकटीला बाहेर बोलावून विचारलं, "तुम्ही भांडत नाही तर."

तिने मान खाली घातली. "नाही हो साहेब."

"मला फसवलंत. माझी सही आहे त्या शेऱ्याखाली."

आतून थोरलीचा घोगरा आवाज आला, "तिला बोलू नका. नाटक माझं आहे." मी आत गेलो. ती थांबत थांबत बोलली. "एकच घर दिलं असतं तर नाव माझं लागलं असतं, मी मोठी म्हणून. मी गेले की मुलगा येणार, घर विकणार. हिला कोण विचारतो? मुलगा माझा आहे, म्हणूनच ओळखते त्याला. हिच्या नावावर हिचं छप्पर झालं की मी सुखाने मरायला मोकळी."

"मरायचं नाव काढलंस तर खरंच भांडेन," धाकटी म्हणाली.

मी विचारलं, "मग तुमचं कधी भांडण नव्हतंच का?"

"नव्हतं कसं? भिंत घातली तेव्हा खिडकी हिच्याकडे गेली. तेव्हापासून तोंड पाहत नव्हतो एकमेकींचं. वादळात भिंत पडली तेव्हा पलीकडून ही मला हाका मारत होती. मग दोघींनी एकच चौकट धरली. कुणाची होती, देव जाणे."

खोटा शेरा मी आजवर एकदाही लिहिलेला नाही. तो मागे घ्यायचा, तर धाकटी उघड्यावर. ठेवायचा, तर मी तोंड कुठे दाखवू?

१२ एप्रिल

मी गाढव आहे. हे लिहिताना फार बरं वाटतंय.

पहाटे उठून परिपत्रक काढलं. लोकांना मीच समजावून सांगतो ते, तोंडपाठ आहे म्हणा ना. 'वादळापूर्वी स्वतंत्र चूल असलेले प्रत्येक कुटुंब.' वादळापूर्वी! आज किती चुली पेटतात याच्याशी सरकारला कर्तव्यच नाही. वादळ येईपर्यंत त्यांच्या दोन चुली होत्या आणि वैरही अगदी खरंखुरं होतं. मी भलतंच बघायला गेलो, आणि त्या बिचाऱ्या मला भलतंच दाखवत बसल्या.

जुना शेरा रद्द करून नवा लिहिला. आज दोघी एकत्र स्वयंपाक करतात हेही त्यात लिहिलं. काही लपवलं नाही. दवाखान्यात जाऊन त्यांना सांगितलं, "आजपासून भांडायची गरज नाही."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "म्हणजे एवढे दिवस तुझ्या शिव्या मी फुकट खाल्ल्या?"

१६ एप्रिल

नव्या शेऱ्याला शेजाऱ्यांची साक्ष हवी होती. दोन माणसं पुरली असती, कक्षाबाहेर रांग लागली. या दोघींच्या भांडणांच्या आठवणी गल्लीने जिवापाड जपून ठेवल्या आहेत. एकाने दोन्ही आवाज काढून दाखवले. एका म्हातारबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "काय ती भांडणं होती! गल्ली सुनी झाली हो."

बाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मला का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्हाला लिहावं लागलं असतं. आणि तो 'वादळापूर्वी' शब्द माझ्याही लक्षात आला नव्हता. तो तुम्हीच शोधायचा होता." मग म्हणाल्या, "गाडीत हसले त्याबद्दल माफ करा. तुम्ही कंगवा जप्त केलात हे ऐकलं तेव्हाही मला राहवलं नाही." कंगवा माझ्या ड्रॉवरमध्येच होता. परत पाठवला.

७ मे

आज बाईंशी जोरात भांडलो. खरं भांडण.

मंजुरी अजून वर अडकली आहे. महिन्याभरात पाऊस लागेल. थोरली दवाखान्यातून त्याच पत्र्याखाली परत आली आहे. आणि आज कळलं की मला न विचारता संस्थेने पाया खोदायला घेतला.

"मंजुरीआधी झालेल्या कामाला सरकार पैसे देत नाही," मी ओरडलो. "वर तोडायला लावतं! तेही मला!"

"गवंडी पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावाला जाणार आहेत. हा महिना गेला तर ती बाई आणखी एक पावसाळा तिथे काढेल. काढेल का?"

"ते मला सांगू नका."

"मग कुणाला सांगू?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला सिमेंट कळत नाही, लोखंड कळत नाही. मला माणसं गोळा करता येतात, बस्स. पुढचं तुम्हाला येतं. थांबवा म्हणालात तर थांबवते. पण तिथे उभे राहून म्हणा."

मी रागाने निघून आलो. जेवलो नाही.

८ मे

उजाडताच टेप घेऊन गेलो. थांबवायलाच गेलो होतो. खड्ड्यात उतरलो तर समुद्राकडच्या अंगाला पाया उथळ होता, नुसती वाळूच लागत होती. हे असंच भरलं असतं तर पुढच्या वादळात घर कागदासारखं उडालं असतं. मिस्त्रीला म्हटलं, घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. तो कुरकुरला. मग बाह्या सरसावून मीच पहार घेतली, तशी त्याने ती माझ्या हातून काढून घेतली. "साहेब, पायावर पडेल. सांगा, खणतो."

दिवसभर तिथेच होतो. धाकटीने दोनदा चहा आणला. थांबवा हा शब्द तोंडात आलाच नाही. संध्याकाळी बाई आल्या, खड्डा पाहिला, माझ्या चिखलाने भरलेल्या पँटकडे पाहिलं, आणि काहीही बोलल्या नाहीत. माणसाची लाज राखणं ही एक कला आहे. त्यांना ती येते.

१० मे

मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो.

म्हटलं, "पाया आपल्या अंदाजपत्रकातून वगळा. तो संस्थेचा. भिंती आणि छप्पर आपलं. जोत्यापर्यंत प्रत्येक थर मी बघेन, माझी सही असेल. वाकडं झालं तर जबाबदार मी."

"कागद आधी, खोदकाम मागाहून, हे तुमचंच वाक्य ना?"

"हो साहेब. पण त्यांचे गवंडी आज आहेत, आपला कागद महिनाअखेरीला येईल. दोन्ही एका वेळी येणार नाहीत. मग जे आधी आलंय त्याने सुरुवात करू."

साहेबांनी बराच वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं. मग विचारलं, "एकाच घराला?"

"गल्लीतल्या सगळ्याच."

सही झाली. बाहेर आल्यावर आधी हिला फोन केला. मग ताईंना.

३ जून

मंजुरी गेल्या आठवड्यात आली, गवंडीही थांबले. आज भिंती छातीपर्यंत आल्या. सरकारी नकाशात दोन घरांमध्ये सलग भिंत आहे, तशी असायलाच हवी. पण भिंतीत दार नसावं असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचून खात्री केली. पेन्सिलीने एक दार काढलं आणि जावांना दाखवलं.

थोरली म्हणाली, "कडी कुणाच्या बाजूने?"

"दोन्ही बाजूंनी," मी म्हटलं.

"आणि खिडकी?"

"दोघींना एकेक."

तिने नकाशा नीट न्याहाळला. "हिची मोठी दिसतेय." मिस्त्री हसता हसता वाळूत बसला. मी दोन्ही खिडक्या पुन्हा मोजल्या. सारख्याच होत्या.

२६ जून

पाऊस धो धो. छप्पर आमच्या खात्याने वेळेत पाठवलं, यावर माझाच विश्वास बसत नाही. पत्रे जाड आहेत. प्रत्येक बोल्ट हाताने पिळून पाहिला. मी वर होतो तेव्हा ताई खाली शिडी धरून उभ्या होत्या, भिजत.

१४ जुलै

दोघी राहायला गेल्या. मधलं दार सताड उघडं. एकच चूल पेटते, थोरलीकडची. धाकटीने आपल्या स्वयंपाकघरात शिलाईचं यंत्र मांडलंय. मला जेवायला बसवलं. मी आभार मानणार होतो, पण आभार त्यांनीच मानायला सुरुवात केली, मग माझं राहून गेलं. तसं ते नेहमीच राहतं. मोठ्या साहेबांचे राहिले. हिचे तर किती वर्षांचे राहिलेत! हिने पाच महिने घर एकटीने सांभाळलं आणि एकदाही 'कधी येणार' असं विचारलं नाही. 'आज काय बांधलंत' एवढंच विचारायची.

रात्री फोन करून तिला थेट सांगून टाकलं. तिने दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं. मग म्हणाली, "ताप आहे का तुम्हाला?"

२२ ऑगस्ट

परत बोलावल्याची ऑर्डर आली. याच ऑर्डरची मी वाट पाहत होतो असं मला वाटत होतं. वाचली, आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

गल्लीत अजून निम्मी घरं जोत्यावर आहेत. खाडीपलीकडच्या वस्तीत तर सुरुवातही नाही. ताई म्हणाल्या, "ही कामं वर्षांची असतात, साहेब. वादळ येतं एका दिवसात, आणि लोकांना वाटतं ते जातंही तसंच." मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज लिहायला बसलो. कारण काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'काम अपुरे आहे' एवढंच लिहिलं. हिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मी तिकडे आले तर चालेल का? समुद्र बघायचाय मला." इकडे भाड्याची खोली बघतोय.

अर्ज घेताना मोठे साहेब म्हणाले, "त्या बाईंनी तुम्हाला मागून घेतलं तेव्हापासूनच मला वाटत होतं, तुम्ही परत येत नाही." मागून घेतलं म्हणजे? विचारायचं राहून गेलं.

३० ऑक्टोबर

परवा इशारा आला. काल दुपारी वारा सुटला आणि संध्याकाळी वाढला. मी आणि ही आमच्या भाड्याच्या खोलीत, उंचावर, सुरक्षित. फोन बंद पडले. मनातल्या मनात मी प्रत्येक बोल्ट पुन्हा पिळत होतो. पाया, जोतं, भिंत, छप्पर. कुठे काही राहिलं का? ही म्हणाली, "तुम्ही बांधलंय ना?" मी म्हटलं, "आम्ही बांधलंय," आणि तेवढ्याने जरा धीर आला.

सकाळी वारा पडल्यावर चालकाबरोबर निघालो. रस्त्यात झाडं आडवी, तारा लोंबकळताहेत. गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या गोठ्याचा पत्रा वळकटीसारखा गुंडाळलेला पडला होता. त्यापलीकडे बघायची हिंमत होईना. चालकानेच आधी पाहिलं. "साहेब, सगळी उभी आहेत."

सगळी उभी होती. ज्यांची घरं अजून जोत्यावरच आहेत, ती माणसं उभ्या घरांतून बाहेर पडत होती. मिस्त्री भेटला, त्याने नुसता माझा हात हातात घेतला. मी शिडी आणि पाना घेऊन शेवटच्या घराकडे गेलो. धाकटी पायरीवर बसली होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू साहेब. अक्का झोपलीय."

"बरं नाही का?"

"चांगली ठणठणीत आहे. मागच्या वादळात रात्रभर चौकटीला लोंबकळत उभी होती. काल वारा सुटल्यावर मी म्हटलं, बाहेर काढू का तुला? तर म्हणाली, कशाला? आणि कुशीवर वळली. तेव्हापासून घोरतेय. मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिलं."

दारातून वाकून पाहिलं. थोरली पांघरूण गळ्यापर्यंत ओढून गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात खाटेबाहेर. वरचं छप्पर जिथल्या तिथे.

बोल्ट तपासायचे तर वर चढावं लागणार, पत्रा वाजणार. शिडी भिंतीला हळूच टेकवून ठेवली. एवढ्यात ताई आल्या. मी त्यांनाही बोटानेच गप्प केलं. आम्ही तिघं पायरीवर बसलो.

"तपासायचं नाही?" ताईंनी कुजबुजत विचारलं.

"तपासू," मी म्हटलं. "उठू दे त्यांना."